वॉटचा आकडा आणि मीटरचा दिवा

गेल्या काही महिन्यांपासून मी घरातल्या उपकरणांची वीज मोजण्याचा नाद लावून घेतला आहे आणि ही गोष्ट नातेवाइकांत व शेजाऱ्यांत पसरल्यापासून मला काही ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. चार्जर भिंतीला तसाच राहिला तर किती वीज जाते, पंखा हळू फिरवला तर बिल कमी येते का, फ्रीज रात्री बंद ठेवावा का, असे ते प्रश्न असतात. या सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत आढळते, ती म्हणजे जे उपकरण डोळ्यांना दिसते किंवा आवाज करते तेच वीज खाते. प्रत्यक्षात घरातली बरीचशी वीज उष्णता निर्माण करण्यात किंवा ती एका जागेवरून दुसरीकडे नेण्यात खर्ची पडते आणि हे काम बहुधा कोणाचे लक्ष न जाता चालते.

आधी मोजमापाविषयी थोडेसे सांगणे आवश्यक आहे, कारण वॉट आणि युनिट यांची गल्लत सुशिक्षित माणसेही करतात. वॉट हा वीज खर्च होण्याचा वेग आहे, तर युनिट म्हणजे प्रत्यक्ष झालेला खर्च. १००० वॉटचे उपकरण १ तास चालले की १ युनिट होते. या हिशेबाने ९ वॉटच्या एलईडी दिव्याला १ युनिट जाळायला सुमारे १११ तास लागतात, जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बला १७ तासांहून थोडे कमी आणि २००० वॉटच्या गिझरला अवघा अर्धा तास. त्यामुळे नुसता वॉटचा आकडा ऐकून घाबरण्यात अर्थ नाही आणि निर्धास्त होण्यातही नाही. उपकरण किती वेळ चालते, हे सोबत विचारावेच लागते.

गिझरचा उल्लेख आलाच आहे, तर तिथे थोडे थांबतो. १ लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला साधारण ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि १ युनिटमध्ये ३६०० किलोज्यूल असतात. म्हणजे १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायचे, तर सुमारे ०.६ युनिट लागणारच, मग गिझर कोणत्याही बनावटीचा असो. ‘छोटा झटपट गिझर ३००० वॉटचा आणि टाकीचा २००० वॉटचा, मग झटपट गिझर महाग पडणार ना?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. सारखेच पाणी सारखेच तापवायचे असेल, तर तीन हजारांचा गिझर ते काम कमी वेळात उरकतो, एवढाच काय तो फरक. टाकीच्या गिझरचे खरे नुकसान वेगळ्या ठिकाणी आहे: तो दिवसभर चालू ठेवला, तर टाकीच्या भिंतींतून उष्णता बाहेर जात राहते आणि आतला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारे बटण, तेच पाणी पुन्हा पुन्हा तापवत राहतो. एका आंघोळीच्या त्या ०.६ युनिटमध्ये ९ वॉटचा दिवा जवळजवळ तीन दिवस आणि तीन रात्री जळतो. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवण्यावरून घरोघरी जेवढी बोलणी खावी लागतात, त्यांतली निम्मी तरी नळाकडे वळवायला हवीत. कपडे धुण्याच्या यंत्राचीही तीच गोष्ट आहे. ड्रम फिरवणारी मोटर बिचारी थोडक्यात भागवते, पण गरम पाण्याची धुलाई निवडली की आतला हीटर सुरू होतो आणि बहुतेक वीज तोच घेतो.

एसीचा ‘टन’ हा शब्द यंत्राच्या वजनाशी संबंधित नाही. २००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ २४ तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषून घेतो, तो वेग म्हणजे १ टन आणि तो साधारण ३.५ किलोवॉट भरतो. दीड टनाचा एसी अशा रीतीने खोलीतली ५ किलोवॉटहून अधिक उष्णता बाहेर काढत असतो, तरी त्यासाठी स्वतः दीड किलोवॉटच्या आसपासच वीज घेतो, कारण तो थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. तापमान १६ अंशांवर ठेवल्याने खोली लवकर गार होते, ही समजूत साध्या, एकाच वेगाच्या एसीपुरती तरी चुकीची आहे. कॉम्प्रेसर एरवीही पूर्ण जोरानेच चालतो, १६ वर ठेवल्याने तो फक्त उशिरा थांबतो. बाहेर ३६ अंश असताना आत २६ ठेवले तर फरक १० अंशांचा राहतो, २० ठेवले तर १६ अंशांचा आणि भिंतींतून आत झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात वाढत जाते.

पंख्याचे उत्तर रेग्युलेटर कोणता आहे, यावर अवलंबून आहे. जुन्या मोठ्या खोक्याच्या रेग्युलेटरमध्ये वेग कमी करण्यासाठी वाचवलेल्या विजेचा एक भाग त्याच खोक्यात तापून वाया जातो, तर इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने वेग कमी केल्यास बचत खरोखर होते. नवे बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचे) पंखे मात्र पूर्ण वेगालाही ३० वॉटच्या आसपास घेतात, जिथे नेहमीचा पंखा ७५ वॉट घेतो.

फ्रीज रात्री बंद ठेवू नये. आतले तापमान वाढते, अन्न बिघडण्याचा धोका निर्माण होतो आणि सकाळी तीच उष्णता पुन्हा बाहेर काढावी लागते. वर्षाला २५० युनिट घेणाऱ्या फ्रीजची सरासरी २८ ते २९ वॉट एवढीच पडते, कारण त्याचा कॉम्प्रेसर थांबून थांबून किंवा मंद वेगाने चालतो. उन्हाळ्यात फ्रीजचे दार उघडून त्यासमोर बसणाऱ्यांसाठी एक खुलासा: दार उघडे ठेवल्याने खोली शेवटी तापतेच, कारण आतून काढलेली उष्णता मागच्या जाळीतून त्याच खोलीत येते आणि कॉम्प्रेसरने घेतलेल्या विजेची उष्णता तिच्यात मिसळते.

प्लगमध्ये खोचून बिल घटवण्याचा दावा करणाऱ्या डब्या विकत घेऊ नयेत. त्यांच्यात बहुधा एक छोटा कपॅसिटर असतो, तो पॉवर फॅक्टर, म्हणजे तारांतून येणाऱ्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण, थोडा सुधारतो, पण घरगुती मीटर सामान्यतः प्रत्यक्ष वापरलेली ऊर्जाच मोजत असल्याने बिलात त्याचा काही उपयोग होत नाही.

आता चार्जर. फोन न लावता खोचून ठेवलेला आधुनिक चार्जर वॉटचा एक अंशच घेतो, तेव्हा त्याची चिंता सोडून द्यावी. मात्र सतत चालणारा प्रत्येक १ वॉट वर्षाकाठी ८.७६ युनिट होतो, हा आकडा मी पाठ करून ठेवला आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी १ युनिटला किती वेळा तो लुकलुकतो, ते छापलेले असते. माझ्या मीटरवर ३२०० लिहिले आहे. त्यामुळे ११२५ ला दोन लुकलुकण्यांमधल्या सेकंदांनी भागले, की त्या क्षणी घरात चालू असलेले वॉट मिळतात. एका रात्री मी घरातली चालू दिसणारी सगळी उपकरणे बंद केली, फ्रीजचा प्लगही तेवढ्यापुरता काढला आणि घड्याळ घेऊन मीटरसमोर उभा राहिलो. तरीही दिवा दर २५ सेकंदांनी लुकलुकत होता, म्हणजे ४५ वॉट कुठेतरी जात होते. शोध घेतला तेव्हा रिमोटने ‘बंद’ केलेला सेट-टॉप बॉक्स, जुन्या म्युझिक सिस्टिमचा अ‍ॅम्प्लिफायर आणि राऊटर सापडले. वर्षाचा हिशेब ३९० युनिटांच्या वर गेला, जो वर सांगितलेल्या फ्रीजपेक्षाही जास्त आहे. पहिल्या दोघांना आता भिंतीवरच्या बटणानेच बंद करतो. राऊटर तसाच चालू आहे, कारण तो बंद केला की घरात सर्वांत आधी माझ्याच नावाने हाक येते.