भाकरीचं घर

नाताळच्या दिवसांत कानावर पडणारं 'बेथलेहेम' हे येशूच्या जन्मगावाचं नाव मोठं सोवळ्यातलं वाटतं. हिब्रूत मात्र ते चुलीपाशी बसलेलं आहे. 'बेत' म्हणजे घर, 'लेहेम' म्हणजे भाकर. मराठी बायबलात 'आमची रोजची भाकर' आहे, पाव नाही. त्यामुळे हे नाव आपल्याला ऐकताक्षणी कळावं असंच आहे.

यातली खरी गंमत व्याकरणात आहे. 'भाकरीचं घर' म्हणताना आपण भाकरीला 'चं' लावतो, घर जसंच्या तसं राहतं. हिब्रूत उलटं. सुट्या घराला 'बयित' म्हणतात. ते कुणाचं तरी झालं की आखडून 'बेत' होतं. भाकरीला धक्काही लागत नाही. बेथेल, म्हणजे देवाचं घर, याच साच्यातलं.

'लेहेम'मधला दुसरा 'ए'ही मागाहून आलेला. मूळ रूप 'लह्म'. जोडाक्षरावर संपणारा शब्द जिभेला अडतो, म्हणून मध्ये स्वर घुसला. आपल्याकडे 'कर्म'चं 'करम' होतं तसाच. प्रत्यय लागला की जुना 'अ' परत डोकावतो: 'माझी भाकर' म्हणजे 'लह्मी'. दावीद राजाचा बाप इशाय याला बेथलेहेमकर म्हणताना बायबल 'बेत-हलह्मी' लिहितं, तिथेही तोच 'अ'. यातला 'ह' घशाच्या तळातून येतो. ग्रीकांकडे त्याला अक्षरच नव्हतं, म्हणून त्यांनी तो गाळून 'बेथ्लेएम' लिहिलं.

हेच गाव अरबीत 'बैत लह्म', आणि अरबीत 'लह्म' म्हणजे मांस! इथे पुष्कळांची गाडी घसरते: मूळ अर्थ मांसाचंच घर, असा निकाल देऊन मोकळे होतात. धातू एकच आहे, पण ज्याचं जे मुख्य अन्न त्याला त्याने तो शब्द लावला असावा, हे स्पष्टीकरण मला अधिक पटतं. 'लह्मू' नावाच्या देवाचं घर, असाही एक तर्क आहे. तो इजिप्तमध्ये सापडलेल्या अमार्ना पत्रांतल्या एका नावाच्या वादग्रस्त वाचनावर उभा आहे. त्यावर फार भार टाकू नये.

बेथलेहेमं दोन. दुसरं उत्तरेला, गालीलात. म्हणून मीखा संदेष्टा 'बेथलेहेम एफ्राथा' असं जोडनाव घेतो. आपल्याकडे वडगावापुढे बुद्रुक-खुर्द लागतं, त्याच सोयीसाठी.

आपलं, दक्षिणेकडचं बेथलेहेम सुमारे ७७५ मीटर उंचीवर, डोंगरकण्यावर. पूर्वेला जेमतेम पंचवीस किलोमीटरवर मृत समुद्र, समुद्रसपाटीच्या चारशे मीटरहून खाली. पाऊस पश्चिमेकडून येतो आणि कणा ओलांडला की झपाट्याने आटतो. हिवाळी पाऊस साधला तर एप्रिलच्या सुमारास जव निघतो, मागून गहू. बायबलातल्या रूथने इथेच कापणीमागे राहिलेली कणसं वेचली, संध्याकाळी झोडपली, तर एफाभर जव भरला: साधारण २२ लिटर, म्हणजे तेरा-चौदा किलो. एका बाईच्या दिवसभराच्या वेचणीला हे भरपूरच.

पाऊस चुकला की मात्र नाव उघडं पडतं. रूथची गोष्ट सुरू होते तीच दुष्काळाने: तिची सासू नामी नवऱ्याबरोबर, दोन मुलांना घेऊन, भाकरीचं घर सोडून पोटासाठी शेजारच्या मवाब देशात जाते.