चार व्हीएम, सारख्या रिक्वेस्ट, पण दमायची एकच

आमच्या हिशेबाच्या ॲपच्या चार व्हीएम, म्हणजे क्लाउडमधली आभासी मशीनं, आणि त्यांच्यापुढे येणाऱ्या रिक्वेस्ट वाटून देणारा एचएप्रॉक्सी. त्याच्या स्टॅट्स पेजवर चौघींच्या रिक्वेस्ट जवळपास सारख्या दिसत. तरी महिनाअखेरीला एक धापा टाकायची, बाकीच्या निवांत. "अजून दोन व्हीएम घेऊ," असा सूर लगेच निघाला. बिल वाढवण्याआधी मला कारण बघायचं होतं.

दमलेल्या व्हीएमवर टॉप, म्हणजे सीपीयूचा वापर दाखवणारी कमांड, चालवली तर स्टील टाइम बराच वर. म्हणजे हिला काम करायचंय, पण खालच्या खऱ्या मशीनचा सीपीयू हायपरव्हायजरनं (एका मशीनवर अनेक व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं) दुसऱ्याच कुणाला दिलाय. क्लाउडमध्ये शेजारी कोण, हे आपल्याला कळत नाही. नुसतं रीबूट न करता ती पूर्ण बंद करून सुरू केली. बहुधा होस्ट, म्हणजे खालचं खरं मशीन, बदलला असावा, स्टील उतरला.

दुसरं दुखणं राउंडरॉबिनचं, म्हणजे एचएप्रॉक्सीच्या वाटपाच्या पद्धतीचं. ते फक्त पाळी बघतं. लॉगइन आणि वर्षभराच्या खतावणीची पीडीएफ त्याच्या लेखी एकच. म्हणून लीस्टकॉन लावलं: जिच्यावर चालू कनेक्शन कमी, तिला पुढची रिक्वेस्ट. सुरुवातीला छान चाललं. मग एकीचा डेटाबेसशी संपर्क तुटला. ती प्रत्येक रिक्वेस्टला क्षणात ५०० एरर देऊन मोकळी व्हायची, त्यामुळे नवं काम धो-धो तिच्याकडेच. 'उद्या या' सांगणाऱ्या खिडकीसमोर रांग साचतच नाही! आणि एचएप्रॉक्सीच्या हेल्थ चेकला, म्हणजे व्हीएम धड आहे का या तपासणीला, ती ठणठणीत, कारण साधा चेक टीसीपी पोर्ट उघडतो का एवढंच बघतो.

मग खरंच पान मागून बघणारा एचटीटीपी चेक लावला, डेटाबेसला छोटी क्वेरी मारणाऱ्या पानावर. डेटाबेसच पडला तर चौघी एकदम बाहेर जाणार, हे मान्य करूनच. दर २ सेकंदांनी चेक, सलग ३ वेळा फसला की बाहेर, २ वेळा जमला की आत, हे डीफॉल्ट आकडे तसेच ठेवले. परतणाऱ्या व्हीएमवर शून्य कनेक्शन असल्यानं सगळं तिच्यावर कोसळू नये म्हणून ६० सेकंदांचा स्लोस्टार्ट, म्हणजे काम हळूहळू वाढवत देणं, लावला.

खरा फरक पडला तो पीडीएफ वेगळ्या बॅकएंडला (एचएप्रॉक्सीतल्या व्हीएमच्या वेगळ्या गटाला), एका व्हीएमवर नेल्यावर. तिथे मॅक्सकॉन, म्हणजे एकावेळच्या कनेक्शनची मर्यादा, कमी ठेवला. जास्तीच्या रिक्वेस्ट एचएप्रॉक्सीच्याच रांगेत थांबतात. फक्त टाइमआउट क्यू, म्हणजे रांगेत थांबायची मुदत, वेगळा लिहावा लागतो, नाहीतर कनेक्टचाच (व्हीएमशी जोडणी होण्याचा) टाइमआउट लागू होतो आणि रांगेतली माणसं ५०३ ('सेवा उपलब्ध नाही') एरर घेऊन परत जातात.