सोमवारच्या आधीचा आठवडा

अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात मी काम करते. माझ्या पदाला डीएसओ म्हणजे ‘डेझिग्नेटेड स्कूल ऑफिशियल’ म्हणतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांच्या नोंदी सेव्हिस या सरकारी संगणक प्रणालीत अद्ययावत ठेवणे, त्यांचे आय-२० हे पात्रतेचे प्रमाणपत्र काढून देणे आणि त्यांना मिळालेली इंटर्नशिप नियमांत बसते का हे तपासणे, हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. पगार विद्यापीठ देते, पण नोंदी केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे ठेवाव्या लागतात. विद्यार्थी माझ्याकडे आपला सल्लागार म्हणून येतो आणि त्याच वेळी मी त्याची नोंद बंद करू शकणारी अधिकारीही असते. या दोन भूमिका एकमेकींवर आदळल्या त्या एका शुक्रवारविषयी हे लिहिते आहे. विद्यार्थ्याची ओळख पटेल असे तपशील अर्थातच वगळले आहेत.

सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, हे बहुतेकांना ठाऊक असते. कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपसाठी मात्र शिक्षण चालू असताना सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायचे प्रत्यक्ष प्रशिक्षण) ही परवानगी लागते आणि तिच्याविषयी बाहेरच्या लोकांना फारशी कल्पना नसते. पदवीनंतर आपल्या विषयात काम करण्याची जी परवानगी असते, त्या ओपीटीसाठी विद्यार्थ्याला आय-७६५ हा अर्ज भरावा लागतो, शुल्क द्यावे लागते आणि इमिग्रेशन खात्याकडून कार्ड येईपर्यंत थांबावे लागते. सीपीटीला सरकारी शुल्क नाही आणि कार्डही नाही. ती डीएसओच सेव्हिसमध्ये नोंदवतो. नव्या आय-२०च्या दुसऱ्या पानावर कंपनीचे नाव, सुरुवातीची व शेवटची तारीख आणि अर्धवेळ की पूर्णवेळ, एवढे छापून येते. कागद पूर्ण असतील तर आमच्या कार्यालयातून हे काम त्याच दिवशी होऊ शकते आणि आम्ही ते करतो, याचा मला अभिमान आहे. पण परवानगीची तारीख मागे नेता येत नाही. कामाचा पहिला दिवस आय-२०वरील तारखेच्या एक दिवसही आधी असेल, तर ते विनापरवाना काम ठरते.

हा विद्यार्थी मास्टर्सचे पहिले वर्ष पूर्ण केलेला, अभ्यासात चांगला होता आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत उन्हाळी इंटर्नशिप मिळवून बसला होता. पूर्ण एक शैक्षणिक वर्ष शिकल्याची अट त्याने पूर्ण केली होती. बारा महिने किंवा त्याहून अधिक पूर्णवेळ सीपीटी घेतली, तर त्या पदवीच्या पातळीवरची ओपीटी हातची जाते, हेही त्याला माहीत होते. विद्यार्थी त्यासाठी एकेक दिवस मोजत असतात. इथे तर प्रश्न जेमतेम तीन महिन्यांचा होता.

उशीर झाला तो कागदांमुळे. कंपनीच्या पहिल्या पत्रात कामाचे ठिकाण म्हणून फक्त ‘रिमोट’ असे लिहिले होते. कुठल्या पत्त्यावर बसून तो काम करणार, आठवड्याला किती तास आणि नेमके काय करणार, हे पत्रात असावे लागते, म्हणून ते परत पाठवले. दुसरा कागद प्राध्यापक-मार्गदर्शकाचा. सीपीटी ही अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग असली पाहिजे, असे नियम सांगतो. म्हणून विद्यार्थ्याने कोणत्या इंटर्नशिप कोर्सला नाव नोंदवले आहे, या कामातून तो त्या कोर्समधले काय शिकणार आणि त्याचे मूल्यमापन कसे होणार, हे मार्गदर्शकाने लिहायचे असते. गुरुजींनी तो कागद कित्येक आठवडे ठेवून घेतला आणि शेवटी एका ओळीत लिहिले की, या अनुभवाचा विद्यार्थ्याला फायदा होईल. फायदा तर कुठल्याही नोकरीचा होतो. पुढे कधी सरकारने त्या फाइलकडे बोट दाखवले, तर त्या ओळीने विद्यार्थ्याचेही रक्षण होणार नाही आणि विद्यापीठाचेही. विभागातल्या मंडळींना ही आमची कागदी कटकट वाटते आणि ती वाटते याचाच मला राग येतो, कारण त्या आळसाची किंमत त्यांच्या खिशातून कधीच जात नाही.

शेवटी शुक्रवारी दुपारी सगळे कागद नीट जुळले. इंटर्नशिप सोमवारी सुरू होणार होती. तो माझ्या टेबलासमोर बसला. माझ्या नावावरून मी मराठी आहे हे त्याने आधीच ताडले होते, त्यामुळे तो मोकळेपणाने बोलत होता.

“मॅडम, आज होईल ना? माझं बाकी सगळं तयार आहे. लॅपटॉप गेल्याच आठवड्यात आला. ट्रेनिंगचे व्हिडिओही बघून संपवले. आणि परवा टीम लीडनं मला एक...”

“थांब,” मी म्हणाले. “पुढचं बोलण्याआधी माझं ऐक. मी तुझी वकील नाही. तू मला जे सांगशील ते आपल्या दोघांतच राहील, असं वचन मी तुला देऊ शकत नाही. तू परवानगीआधी काम केलंस असं मला कळलं, तर मला त्यावर कारवाई करावी लागेल. आता ठरव, काय सांगायचं ते.”

हे मी प्रत्येकालाच सांगते, फक्त एरवी बोलण्याच्या सुरुवातीला सांगते. त्या दिवशी तो खुर्चीत बसता बसताच बोलू लागला होता. त्याने वाक्य पूर्ण केले नाही.

टीम लीडने परवा त्याला एक काय दिले? मीटिंगचे निमंत्रण दिले असेल, वाचायला दस्तऐवज दिला असेल, किंवा प्रोग्राममधली एखादी चूक दुरुस्त करायला दिली असेल. यातला फरक बाहेरून क्षुल्लक दिसतो, पण त्याचे इथले सगळे भवितव्य त्या फरकावर टांगलेले होते. बँक खात्याचा आणि कराचा फॉर्म भरणे म्हणजे काम नव्हे, यावर कोणाचे दुमत नाही. व्हिडिओंपासून मात्र जमीन भुसभुशीत होते. अमेरिकन वेतन कायद्यात कंपनीने सक्तीचे केलेले आणि कामाशी निगडित प्रशिक्षण साधारणपणे कामाच्याच तासांत धरतात. इमिग्रेशनच्या नियमांत नोकरीची व्याख्या वेगळी आहे: मालकासाठी केलेली सेवा किंवा श्रम, आणि तीही मोबदल्यासाठी. व्हिडिओ बघणे ही मालकाची सेवा म्हणायची का? दोन जाणकार वकिलांना विचारले तर दोन उत्तरे मिळतील. पण प्रोग्राममधली चूक दुरुस्त करून कंपनीच्या प्रणालीत टाकली असेल, तर कोणताही सावध वकील त्याला बिनधास्त राहा म्हणणार नाही. ‘पैसे घेतले नाहीत म्हणजे काम नाही’ हा विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवरचा लाडका सिद्धान्त आहे आणि तो घातक आहे. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत ज्या कामाला एरवी पगार मिळतो ते काम फुकट केल्याने ते स्वयंसेवा होत नाही.

आणि परिणाम? विनापरवाना काम हे कारण देऊन सेव्हिसमधली नोंद बंद झाली, तर शिक्षण पूर्ण केलेल्यांना मिळते तशी देश सोडण्याच्या तयारीसाठी ६० दिवसांची सवलत मिळत नाही. इतर काही चुकांसाठी विद्यार्थ्याला दर्जा परत मिळावा म्हणून अर्ज करता येतो. विनापरवाना काम केलेल्याला तोही मार्ग नियमानेच बंद आहे. दोन वर्षांच्या फीसाठी घरच्यांनी काढलेले कर्ज आणि अर्धवट राहिलेली पदवी एवढेच त्याच्या हाती उरले असते.

मी त्याला विद्यार्थ्यांसाठी असलेल्या विधी साहाय्य केंद्राचा क्रमांक दिला, लॅपटॉप बंद करून ठेवायला सांगितले आणि नवा आय-२० हातात पडेपर्यंत कंपनीच्या एकाही ईमेलला कामाचे उत्तर द्यायचे नाही असे बजावले. सुरुवातीची तारीख पुढे ढकलावी, असे त्याने त्याच दिवशी कंपनीला कळवले.

तो गेल्यावर कार्यालयात वाद झाला. आमच्या संचालकांचे म्हणणे असे की, कागद पूर्ण आहेत, तर सोमवारपासून परवानगी देऊन टाकावी. जे विचारलेच नाही त्याचे उत्तर माहीत असण्याची गरज नाही. माझ्या ज्येष्ठ सहकारी बाईंचे मत अगदी उलट. लॅपटॉप आणि प्रशिक्षण एवढे त्याच्या तोंडून निघाल्यावर पुढचे विचारणे हे आपले कर्तव्य आहे आणि न विचारणे म्हणजे डोळे मिटून घेणे आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मला दोन्ही पटले नाही. आम्ही तपास अधिकारी नाही; पण कानावर आलेली गोष्ट आलीच नाही असे मानणेही माझ्याने होत नाही. म्हणून त्या शुक्रवारी मी परवानगी दिली नाही आणि नोंदही बंद केली नाही. फाइलवर फक्त एवढेच लिहिले की, सुरुवातीच्या तारखेबाबत कंपनीकडून खुलासा मागवला आहे.

पुढच्या आठवड्यात वकिलांना भेटून तो परत आला. सोबत कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचे पत्र होते. आधीच्या आठवड्यात केवळ खाती उघडणे आणि सर्वसाधारण ओळखसत्र झाले, कोणतेही प्रकल्पाचे काम सोपवले नव्हते, त्या काळाचा मोबदला दिलेला नाही आणि दिला जाणार नाही, असे त्यात नमूद केले होते. नवी तारीख त्यानंतरच्या सोमवारची होती. मी त्या तारखेपासून सीपीटी नोंदवली, आय-२०वर सही केली आणि त्याच्या हातात दिला. त्या विभागातल्या बाई फोनवर मला म्हणाल्या होत्या की, पहिला दिवस वाया जाऊ नये म्हणून त्या सगळ्याच इंटर्नना आधी लॉगिन देतात. अमेरिकन नागरिक असलेल्या मुलासाठी तो खरोखर चांगुलपणा आहे. त्याच ओळीत एफ-१वर असलेला कोणी उभा आहे का, हे बघायची तसदी मात्र कोणी घेत नाही.

पत्र खरे आहे असे धरून चालण्याचा मला अधिकार आहे आणि मी तसे धरले. तरी तो अर्धवट ‘एक’ माझ्या डोक्यातून जात नाही. मी त्याला थांबवले ते त्याच्या हिताचे होते आणि उद्या पुन्हा तसा प्रसंग आला, तर मी पुन्हा थांबवीन. पण त्याच वाक्याने मलाही काही जाणून घेण्यापासून वाचवले, हे नाकारता येत नाही. मला जास्त बोचते ते वेगळेच. हा मुलगा इशारा ऐकताच गप्प बसण्याइतका तरबेज होता. दुसरा एखादा, सरळ स्वभावाचा आणि अधिकाऱ्याला सगळे खरे सांगावे अशा शिकवणीत वाढलेला, माझा इशारा ऐकूनही वाक्य पुरे करील. दोघांनी केलेले अगदी सारखेच असू शकते, पण ज्याने मोकळेपणाने सांगितले त्याचीच नोंद बंद होईल. माणसाने काय केले यापेक्षा त्याने कोणापुढे किती बोलले यावर ज्या व्यवस्थेत निकाल ठरतो, तिचा मी एक भाग आहे आणि याला न्याय म्हणणे मला जड जाते.

शिवाय त्याच्यापुरतेही प्रकरण मिटलेले नाही. पुढे कधी त्याने ग्रीन कार्डसाठी अर्ज केला, तर आय-४८५ या फॉर्मवर प्रश्न असतो की, तुम्ही अमेरिकेत कधी परवानगीविना काम केले आहे का. खोटे लिहिल्यास शिक्षा होईल हे मान्य करून त्याखाली सही करायची असते. त्या दिवशी त्याला थांबवायला टेबलापलीकडे कोणी नसेल.

आता कंपनीच्या पत्रात एक जादा ओळ असावी असा आग्रह मी धरते: आय-२०वरील तारखेपूर्वी विद्यार्थ्याला कोणतीही प्रणाली, प्रशिक्षण किंवा काम दिले जाणार नाही. काही कंपन्या ती आनंदाने लिहितात, तर काही ‘आमचा मसुदा विधी विभागाने ठरवलेला आहे’ असे सांगून नकार देतात. विभागांना मार्गदर्शकाच्या कागदासाठी ठरावीक मुदत द्यावी, यासाठीही माझा पाठपुरावा चालू आहे आणि काही विभागप्रमुख अजून उत्तरही देत नाहीत. मी वकील नाही, हा इशारा आम्ही सीपीटीच्या अर्जात सर्वांत वर, विद्यार्थी काही लिहू लागण्याच्या आधी छापला आहे. ज्येष्ठ बाईंना तो तिथे नको आहे. त्यामुळे मुले लपवायला शिकतील, असे त्या म्हणतात. अर्जाचा मसुदा दरवर्षी वसंत सत्राच्या आधी पुन्हा ठरतो, त्यामुळे या वर्षी त्या ओळीवरून आमचा वाद पुन्हा होणार आहे.