पाली दरवाजा आणि पर्सनल लोन

"ताई, लेख फुकट देतो, फक्त दोन लिंका तेवढ्या राहू द्या."

सकाळीच मेल. माझ्या ट्रेकिंगच्या साइटसाठी राजगडावर पाहुणा लेख. वाचला, बरा होता. 'पाली दरवाजा' या शब्दांखाली निळी रेघ दिसली म्हणून सहज दाबलं, तर पर्सनल लोनचं पान उघडलं! दरवाजातून थेट कर्जात.

मी कळवलं, लिंक ठेवते, पण तिला 'स्पॉन्सर्ड' टॅग लावणार. म्हणजे गूगलला कळतं की ही शिफारस नाही, जाहिरात आहे, आणि त्या पानाला शोधात वर यायला तिचा सहसा फायदा होत नाही. २०१९ पासून ही सोय आहे; 'या लिंकला आमची शिफारस समजू नका' असं सांगणारा 'नोफॉलो' टॅग तर २००५ पासूनच.

पाच मिनिटांत उत्तर : "मग काय उपयोग?"

दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. म्हणजे हा पाहुणा जेवायला आलाच नव्हता, आमच्या भिंतीवर जाहिरात रंगवायला आला होता.

मागे एका मुलाने राजगडाच्या गुंजवण्याकडच्या वाटेबद्दल लिहिलं होतं. शेवटी एकच लिंक, त्याने स्वतः काढलेल्या नकाशाची. पावसाळा आला की लोक अजून तिथे जातात, कारण त्यांना वाट हवी असते. त्या लिंकचा टॅग मी कधी तपासलाही नाही.

तुमच्याकडे कोणते पाहुणे येतात?