नोव्हेंबरातला सुभेदारांचा सोपा

वेंगुर्ला रोडला लागलं तरी हिंडलग्यापर्यंत बेळगाव पाठ सोडत नाही. हिंडलग्यात १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबारात गेलेल्यांचं हुतात्मा स्मारक आहे. पुढं सुळगा आणि उचगावचा फाटा. मंगळवार-शुक्रवार असला तर मळेकरणी देवीच्या गर्दीनं तिथं गाडी मुंगीच्या पावलानं सरकते. मग तुरमुरी, बाची. बाची संपली की शिनोळी, आणि शिनोळी म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला, बाकीचा जिल्हा म्हैसूरला गेला. रस्त्यावर उभं राहून बघितलं तर पाटीवरची लिपी आणि पेट्रोलचा भाव सोडल्यास फारसं काही बदलत नाही. अल्याड-पल्याड तीच भातं, त्याच काजूच्या बागा, तीच सोयरीक.

मला जायचं होतं ते गाव या रस्त्यावरून आत आहे. नाव लिहीत नाही. सुभेदारांनी बजावलंय, "नाव लिवलास तर उद्या आणि दहा गावची माणसं दारात येतील."

खरं तर ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, वर ऑनररी नायब सुभेदार. एवढं लांबलचक कोण म्हणणार, म्हणून गावाचे सुभेदार. १९६३ साली, चीनच्या लढाईनंतर भरतीचा जोर होता तेव्हा, पहाटे चालत बेळगावला जाऊन मराठा रेजिमेंटच्या सेंटरच्या मैदानावर उभे राहिले. १९८७ ला २४ वर्षांची नोकरी करून घरी आले. कागदावर जन्मतारीख १ जून १९४५. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून टाकायची आपल्याकडची जुनी रीत, त्यामुळं सुभेदारांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, बसलेल्यांपैकी निम्मे जण एकाच दिवशी जन्मलेले असावेत. आज्जींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, मते ते कागदापेक्षा दोन वर्षांनी तरी थोरले आहेत. सुभेदारांना हा विषय आवडत नाही, कारण ऐंशी पुरी झाली की मूळ पेन्शनीवर २० टक्के जादा मिळतात, आणि आज्जींचं गणित खरं असेल तर दोन वर्षांचे पैसे मास्तरांनी बुडवले.

मी पोचलो तेव्हा सुगी ऐन भरात होती. अंगणात भाताच्या पेंढ्या, ताडपत्रीवर रताळी. सोप्यात भिंतीला टेकून पाच-सहा बायका बसलेल्या, बहुतेक साठीच्या पुढच्या, प्रत्येकीच्या मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण जिवंत आहोत हे दर वर्षी सरकारला कळवायचं, नाही कळवलं तर पेन्शन थांबते. या पट्ट्यात घराआड एक फौजी, त्यामुळं घराआड एक पिशवी.

"काय बघूलायस, बस की," म्हणत त्यांनी मला खुर्ची दाखवली आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. तासभर मी नुसता बघत होतो.

एका बाईंची अडचण ऐकून मी चक्रावलो. लग्नात नवऱ्याकडच्यांनी नाव बदललेलं. नवऱ्यानं पलटणीत सांगताना माहेरचं नाव सांगितलं, रेकॉर्डला तेच चढलं. रेशनकार्डावर सासरचं. आधारवर तेच सासरचं नाव, पण कानडीतून इंग्रजीत जाताना त्याच्या शेपटीला एक जादा अक्षर चिकटलेलं. नवरा गेला, आणि सरकारदरबारी त्याच्या तीन बायका निघाल्या. कुटुंब पेन्शन मागायची कुणी? सुभेदारांनी हे सगळं एका चतकोर कागदावर मांडलं. प्रतिज्ञापत्र कशाचं करायचं, सैनिक कल्याण खात्याकडून काय न्यायचं, रेकॉर्ड ऑफिसला काय पाठवायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे हे या बायकांचं नशीब. नवऱ्याची पलटण दुसऱ्या रेजिमेंटची असती तर हेच काम शेकडो मैलांवर पत्रं धाडून करावं लागलं असतं.

तहसीलचे अर्ज कानडीत लागतात, तेही ते स्वतः लिहितात. मराठा रेजिमेंटमध्ये भरती महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातूनही होते. त्यांच्या शेजारच्या खाटेवर धारवाडकडचा एक जवान होता. त्यानं यांना कानडी अक्षरं शिकवली, बदल्यात यांनी त्याची विडी सोडवली. "ती परत लागली त्याला. माझी कानडी ऱ्हायली," सुभेदार म्हणाले. दर १ नोव्हेंबरला, बेळगाव म्हैसूरला घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत ते काळी फीत लावून चालतात, आणि दोन तारखेपासून कानडीत अर्ज लिहायला बसतात. मी जरा खोदून विचारलं, तर म्हणाले, "हक्काचं भांडण हक्काच्या जाग्याला. ह्या म्हातारीची पेन्शन त्यात कशाला अडकवायची?" सीमाप्रश्नावर शहरात बसून मी पुष्कळ तावातावानं बोललो आहे. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, त्या तारखा मलाही पाठ. पण अडलेल्या बाईचा कानडी अर्ज मला एक ओळ लिहिता येणार नाही.

लढाईचं विचारल्यावर त्यांचा आवाज चढेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ते पहिल्या बटालियनचे, १७६८ साली उभी राहिलेली जंगी पलटण. १९७१ च्या डिसेंबरात ती पूर्व पाकिस्तानात जमालपूरला होती. समोर पाकिस्तानची ३१ बलूच पलटण. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र धाडलं, तर तिकडच्या कर्नल सुलतान यांनी नकाराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. हा किस्सा मी वाचून गेलो होतो, म्हणून उत्साहानं सांगायला लागलो. सुभेदार शांतपणे म्हणाले, "ते मोठ्या लोकांचं. आम्हाला मागनं कळलं." त्यांना आठवते ती १० तारखेची रात्र. जमालपूरच्या दक्षिणेला टांगाईलचा रस्ता अडवून पलटण बसली होती, आणि वेढ्यातले लोक त्याच रस्त्यानं बाहेर पडायला बघत होते. त्या रात्रीबद्दल दोनच वाक्यं बोलले. थंडी होती. सकाळी उजाडल्यावर पुढं बघू नये असं वाटत होतं.

टांगाईलबद्दल मात्र खुलले. ११ डिसेंबरला तिथं २ पॅरा ही छत्रीधारी पलटण विमानातून उतरली. ही पलटण मूळची ३ मराठा. जंगी पलटण पुंगलीच्या पुलाशी त्यांना मिळाली. "अंधारात कोण आपलं कोण परकं कळंना. तेवढ्यात पलीकडनं कुणीतरी कचकचीत मराठी शिवी हाणली. जीव भांड्यात पडला बघ."

आज्जी हे सगळं आतून ऐकत होत्या. चहा घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "चोवीस वरसं ह्यांनी देश राखला, ते लिव. आणि हिकडं चार एकर, दोन म्हसरं, सासू-सासरे आणि थोरल्या दिराच्या चार पोरी कुणी राखल्या, ते बी लिव." लिहितो. थोरले दीर ऐन तरणेपणी गेले, त्या चारही पोरींची लग्नं या घरातून झाली. मनीऑर्डर महिन्याला यायची, कधी दोन महिन्यांनी. अंगठा देऊन पैसे घेणाऱ्या आज्जी पन्नाशीनंतर सही शिकल्या, नवऱ्याकडूनच. सुभेदारांच्या परोपकाराचं कौतुक गावभर होतं. नोव्हेंबरभर त्या परोपकाराला दिवसाला वीस-पंचवीस कप चहा लागतो, त्याचं कौतुक मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

धाकटा नातू पहाटे वेंगुर्ला रोडला पळायला जातो. भरतीची तयारी. आता भरती म्हणजे २०२२ पासूनची अग्निवीरची, चार वर्षांची. त्यातले फार तर २५ टक्के पुढं कायम होणार, बाकीचे रक्कम घेऊन घरी, पेन्शन नाही. सुभेदार याला थेट वाईट म्हणत नाहीत. फौजेच्या निर्णयावर घरी बोलायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त. मी फारच मागं लागलो तेव्हा सोप्यातल्या पिशव्यांकडं हात करून एवढंच म्हणाले, "चाळीस वरसांनी ह्यांच्या बायकांच्या हातात पिशवीच नसंल." नातू तिथंच बूट पुसत होता. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा पळायला गेला, हेही मी बघितलं.

दुपारी बायकांची रांग सरल्यावर कळलं की खुद्द सुभेदारांचा दाखला अजून जायचा आहे. बोटांचे ठसे मशीनला उमटत नाहीत, शेतात राबून घासलेत. म्हणून आता चेहरा दाखवून मोबाइलवर. नातवानं फोन धरला. फोन म्हणतो डोळ्यांची उघडझाप करा, आणि हे परेडला उभे असल्यासारखे समोर रोखून बघतात.

"आज्जा, डोळे मिटा की!"

"समोर बघायचं म्हणलास न्हवं?"

शेवटी आज्जींनी हसवल्यावर पापणी लवली आणि दाखला गेला. "झालं. वरीसभर आहे मी," म्हणत त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. तेवढ्यात दारात चपलांचा आवाज झाला. शिनोळीकडची एक बाई सुनेला घेऊन आली होती. सुभेदारांनी आधी तिच्या पिशवीकडं बघितलं.

"डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स आणलीस, का गेल्या खेपेसारखी मोकळीच आलीस?"