स्पेनमधून सुटा, पोर्तुगालमध्ये उतरा

ग्वादियाना नदीच्या एका काठावर स्पेनमधलं सानलुकार, समोर पोर्तुगालचं आल्कोतिम. पोर्तुगाल आणि कॅस्टिल (आजच्या स्पेनमधलं तेव्हाचं राज्य) यांचा १३७१ चा तह इथलाच. या दोन गावांमधली झिपलाइन, म्हणजे तारेला लटकून नदीपार घसरत जायची सोय, सुमारे ७२० मीटरची.

हार्नेसचे, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांच्या साजाचे, मांडीपट्टे भार टाकून, बसून तपासा. उभ्याने घट्ट वाटलेले पट्टे लटकल्यावर काचतात किंवा सरकतात. धावत्या पुलीच्या (तारेवरच्या चाकाच्या) पुढे तारेवर हात कधीच नको, बोटं चिरडतात. वजन कमी आणि वारा समोरून असेल, तर वेग मरतो आणि माणूस टोकाच्या अलीकडेच अडकू शकतो. म्हणून गुडघे पोटाशी घ्या. गावातला किल्ला बघायला मान वळवा, खांदे नकोत. खांदे वळले की अंग गरकन फिरतं.

पोर्तुगालचं घड्याळ तासभर मागे, त्यामुळे परतीच्या होडीची वेळ कोणत्या देशाची ते आधीच विचारा.