‘इट’ नक्की कुठे बसवायचं?

इंग्रजी वाचताना माझं काही अडत नव्हतं. अहवाल, बातम्या, लांबलचक ईमेल, सगळं समजायचं. गाडी अडायची ती बोलताना, आणि तीही जड शब्दांवर नाही. ‘पोस्टपोन’ जिभेवर तयार असायचं, समोरचा मात्र सहज ‘पुट इट ऑफ’ म्हणून मोकळा व्हायचा. गेट, पुट, टेक, टर्न, लुक अशी किरकोळ क्रियापदं, त्यांच्यामागे अप, ऑफ, ॲट, फॉर यांपैकी काहीतरी, आणि मधे नाहीतर शेवटी एखादं इट किंवा हिम. रोजचं बोलणं निम्मंअधिक याच्यावरच चालतं, असं तेव्हा वाटायचं.

आधी सगळे करतात तेच केलं, याद्या पाठ करायला घेतल्या. ‘टर्न ऑफ’ म्हणजे बंद करणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे काळजी घेणे. पण या याद्यांत सर्वनामाची जागाच दिलेली नसते, आणि बोलताना तर दर दुसऱ्या वाक्यात सर्वनाम येतं. मग यादी सोडली आणि प्रत्येक जोडी ‘इट’ किंवा ‘हिम’ घालूनच वहीत उतरवायला लागले. टर्न इट ऑफ. पिक इट अप. लुक ॲट इट. वेट फॉर हिम. बघता बघता पानाचे दोन भाग पडले. डावीकडे सर्वनाम मधे बसणाऱ्या जोड्या, उजवीकडे शेवटी बसणाऱ्या.

डावीकडचे अप, ऑफ, आउट हे तिथे शब्दयोगी अव्ययाचं काम करतच नाहीत, ते क्रियापदाचाच तुकडा असतात. नाम असेल तर दोन्ही रचना चालतात: ‘टर्न ऑफ द लाइट’ किंवा ‘टर्न द लाइट ऑफ’. सर्वनाम आलं की ही मुभा संपते. ‘टर्न इट ऑफ’ एवढंच बरोबर. उजवीकडचे ॲट, फॉर, आफ्टर मात्र खरे शब्दयोगी. त्यांना आपलं नाम लगेच पुढे लागतं, म्हणून ‘लुक हिम आफ्टर’ कधीच होत नाही.

असं का, हे मला व्याकरणापेक्षा कानाने जास्त पटवलं. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर पडतो, ‘लुक ॲट इट’मध्ये ‘लुक’वर, आणि ‘ॲट इट’ जवळजवळ गिळलं जातं. इंग्रजी वाक्यात शेवटची जागा बहुधा नव्या, वजनदार माहितीची. ‘इट’ म्हणजे आधीच बोलून झालेली गोष्ट, त्यामुळे ते बिचारं मधे दडपलं जातं. उलट नाम लांबलचक असेल तर तेच शेवटी जातं आणि ‘ऑफ’ क्रियापदाला चिकटून राहतो.

अर्थाचा गुंता सोडवायला मात्र मराठीच कामाला आली. ‘ईट इट अप’मधला ‘अप’ वर कुठे जातो, असं विचारत बसलं की डोकं भणाणतं. पण आपण ‘खाऊन टाक’ म्हणतो तेव्हा तरी कुठे काय टाकतो? ‘टाक’ फक्त काम पुरतं उरकल्याचं सांगतं. ‘ड्रिंक इट अप’ म्हणजे पिऊन टाक, ‘यूज इट अप’ म्हणजे वापरून संपव. प्रत्येक ‘अप’ला हा हिशेब लागू पडत नाही, तरी निदान त्याची दिशा शोधायची सवय सुटली.

माझी सगळ्यात लाडकी जोडी ‘सी’ आणि ‘थ्रू’ची. ‘आय सॉ थ्रू हिम’ म्हणजे त्याचं सोंग मी ओळखलं. ‘शी सॉ हिम थ्रू’ म्हणजे अडचणीच्या काळात शेवटपर्यंत तिने त्याला साथ दिली. शब्द तेच, ‘हिम’ एक घर सरकला आणि अर्थ पार फिरला. पानाच्या दोन्ही बाजूंना नोंद झालेली ही जोडी मी लाल शाईने लिहून ठेवली.

प्रश्नांशी जमवून घ्यायला सर्वांत जास्त वेळ लागला. मराठीत ‘कशाकडे’मधला ‘कडे’ आपल्या शब्दाला सोडत नाही. इंग्रजीत ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’ म्हणताना ‘व्हॉट’ पुढे पळतो आणि ‘ॲट’ मागे एकटा उरतो. मराठी मनाला हे वाक्य अर्धवट वाटतं. इथे नियम उपयोगी पडत नाही, ‘हू आर यू वेटिंग फॉर?’, ‘हू डिड यू गो विथ?’ असे प्रश्न तोंडात घोळवावे लागतात.

याच्या उलट, आपल्याकडे प्रत्यय आहे म्हणून इंग्रजीत घुसणारे शब्द. ‘त्यावर चर्चा करू’ या वळणाने ‘डिस्कस अबाउट इट’ तोंडी येतं; हवं नुसतं ‘डिस्कस इट’. ‘मला समजाव’ मात्र ‘एक्सप्लेन इट टू मी’, तिथे ‘टू’ गाळून चालत नाही.

‘इट’ची ही चाचणी पुढे एका निराळ्याच ठिकाणी कामी आली. ईमेलच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ लिहिल्यावर ‘सी’ की ‘सीइंग’? ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ म्हणता येतं, म्हणजे हा ‘टू’ शब्दयोगी, त्याच्यापुढे ‘सीइंग यू’ हवं. ‘आय वॉन्ट टू इट’ म्हणता येत नाही, म्हणून तिथे ‘आय वॉन्ट टू सी यू’.